पिंग जातंय!

गावात कुणाच्या घरी दुसरा कॉम्प्युटर आला की दोन-तीन दिवसांत अण्णा तिथे हजर. पहिल्या कॉम्प्युटरशी त्यांना कर्तव्य नसतं. तो चालो, न चालो, त्यावर पोरं पत्ते खेळोत, अण्णा फिरकत नाहीत. पण एका छपराखाली दोन यंत्रं आली की त्यांच्या जिवाला स्वस्थता नाही. चहा घेतात, सुपारीचा भाव विचारतात, पावसाचं बोलतात आणि कप खाली ठेवता ठेवता, अगदी आत्ताच आठवल्यासारखं विचारतात, "दोघं एकमेकांना दिसतात काय?"

घरातल्यांना वाटतं, शेजाऱ्यांबद्दल विचारतायत.

अण्णांचं खरं नाव आता रेशनकार्डावरच उरलंय. पंचक्रोशीत ते शेअरिंगअण्णा. जोयड्याच्या बाजारात एकदा एका गृहस्थानं त्यांना बाजूला घेऊन, सध्या कुठला शेअर बरा, असं दबक्या आवाजात विचारलं होतं. अण्णा म्हणाले, "आधी फोल्डरवर राइट क्लिक करा." त्या गृहस्थानं पुढे पैसे कशात घातले ते कळलं नाही.

हा वाण फक्त उळवीत पिकतो असं नाही. पुण्याच्या सोसायटीत, सांगलीच्या छापखान्यात, पणजीतल्या सीएच्या ऑफिसात, सगळीकडे असा एक माणूस असतोच. त्याला कुणी नेमलेलं नसतं, पगार नसतो. विंडोज, लिनक्स आणि मॅक यांनी एका फोल्डरात नांदावं एवढीच त्याची इच्छा. त्या फोल्डरात काय ठेवायचं याचं त्याला काडीचं देणंघेणं नसतं. अण्णा तपासायला वर्षानुवर्षं एकच फाइल पाठवतात. तिचं नाव 'टेस्ट', आत मजकूर 'हॅलो'. ती पलीकडे पोचली की ती उघडून मोठ्यानं वाचतात. त्यांच्या स्वतःच्या घरी एकच कॉम्प्युटर आहे.

उळवी म्हणजे जोयडा तालुक्यातलं, काळी नदीच्या खोऱ्यातल्या जंगलातलं गाव. बाराव्या शतकात कल्याणात बिज्जळाच्या राज्यात उत्पात झाला, तेव्हा बसवण्णांचे भाचे चन्नबसवण्णा शरणांना घेऊन इथवर आले. त्यांची समाधी इथेच आहे. माघात जत्रा भरते, धारवाड-बेळगावकडून बैलगाड्यांच्या रांगा जंगलातून येतात आणि तेवढे दिवस गावात पाय ठेवायला जागा नसते. मग गाड्या परततात. उरतं ते जंगल, सुपारीच्या बागा आणि मोबाइल डोक्यावर धरून फिरणारी माणसं. रेंज इथे राहायला नसते, पाहुणी म्हणून येऊन जाते. विजेचंही तेच. खाली गणेशगुडीला सुप्याच्या धरणावर वीज तयार होते, पलीकडे कैग्याला अणूपासून होते आणि मधल्या रानात पावसाळ्यात एक झाड तारेवर आडवं झालं की रात्र मेणबत्तीची.

अशा गावात नेटवर्कचा छंद लागलेला माणूस म्हणजे लोकांना चेष्टेचा विषय वाटतो. पण अण्णांचं म्हणणं उलटं आहे, आणि ते ऐकल्यावर माझी तरी चेष्टा जागच्या जागी राहिली.

होमस्टेवाल्यांच्या पोरानं त्यांना एकदा अडवलं होतं. "अण्णा, नेटच नाही तर राउटर कशाला?"

"नेट कशाला पायजे?" अण्णा म्हणाले. "नेट गोव्याला जायला. तुला गोव्याला जायचंय काय? ह्या टेबलावरनं त्या टेबलावर जायचंय न्हवं?"

यात खोट काढता येत नाही. घरातल्या घरातल्या नेटवर्कला बाहेरचं जग लागत नाही. राउटरला इंटरनेटची तार जोडलेलीच नसली तरी त्याला जोडलेली यंत्रं आपसांत बोलू शकतात. शहरात हे लोक विसरलेत. पुण्यात शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाला फाइल द्यायची तर ती ईमेल करतात. ती कुठल्या तरी परदेशातल्या सर्व्हरचं दर्शन घेऊन हातभर अंतरावर परत येते. उळवीत ती चैन परवडत नाही. शेअर केलेला फोल्डर ही गोष्ट खरं तर रेंज नसलेल्या गावांसाठीच निघाली असावी, असं अण्णांच्या सहवासात वाटायला लागतं.

अण्णा येतात तेव्हा खिशात टेस्टर असतो आणि खांद्यावरच्या पिशवीत निळ्या वायरीचं भेंडोळं, क्रिम्पिंगचा पाना, बॅटरी आणि एक शंभर पानी वही. वहीत तालुक्यातल्या निम्म्या यंत्रांचे पत्ते आहेत. १९२.१६८.१.७ म्हणजे कोण, हे त्यांना न बघता सांगता येतं. घरात कोंकणी, बाजारात कानडी, हिशेब मराठीत आणि कॉम्प्युटरला शिव्या हिंदीत, असा त्यांचा व्यवहार. काम सुरू झालं की ते आधी काळी खिडकी उघडतात, काहीतरी टंकतात, चार ओळी खाली सरकतात आणि अण्णा आरोळी देतात, "पिंग जातंय!"

पिंग जाणं म्हणजे एका यंत्रानं दुसऱ्याला हाक मारणं आणि दुसऱ्यानं 'ओ' देणं. एवढंच. फाइल, फोल्डर, पासवर्ड ह्या सगळ्या पुढच्या गोष्टी. पण अण्णांच्या चेहऱ्यावर तेव्हा लग्न जमल्याचं समाधान असतं, आणि बघणाऱ्यांना वाटतं काम झालं. अनुभवी लोक त्या आरोळीनंतर जेवणाची तयारी करतात, कारण खरं काम आता सुरू होणार असतं आणि अण्णा आज जेवायला आहेत हे नक्की झालेलं असतं.

त्या होमस्टेचं प्रकरण मी जवळून पाहिलं. सुपारीच्या बागेतलं घर, पाहुण्यांसाठी काढलेल्या चार खोल्या. कोपऱ्यात टॉवेल पांघरलेला एक विंडोज एक्सपी. मायक्रोसॉफ्टनं २०१४च्या एप्रिलमध्ये एक्सपीवरून हात काढून घेतला, पण बागेच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर त्याच्यावरच चालतं आणि ते लिहून देणारा माणूस आता कुठे असतो कुणाला माहीत नाही. त्यामुळे एक्सपी हलवायचा नाही, पुसायचा तोही हलक्या हातानं. समोरच्या टेबलावर पोराचा नवा लॅपटॉप, विंडोज ११. पाहुण्यांची यादी लॅपटॉपवर व्हायची, बिलं एक्सपीवर निघायची आणि दोघांच्या मध्ये पेनड्राइव्ह येरझाऱ्या घालायचा.

येरझाऱ्यांतून व्हायचं ते झालं. 'पाहुणे', 'पाहुणे नवी', 'पाहुणे नवी खरी' अशा याद्या दोन्हीकडे साठल्या. जत्रेच्या ऐन दिवशी एकाच खोलीच्या दारात दोन कुटुंबं आपापल्या वळकट्या घेऊन उभी राहिली. दोघांकडेही खोली दिल्याचा निरोप होता आणि दोन्ही निरोप खरे होते. एक कुटुंब शेवटी माजघरात झोपलं. घरच्या वहिनींनी दुसऱ्या दिवशी भिंतीवर मोठं कॅलेंडर लावलं, त्याला दोरीनं पेन्सिल बांधली आणि विषय संपला असं जाहीर केलं. मालकांना मात्र तो संपल्यासारखा वाटला नाही. त्यांनी अण्णांना निरोप धाडला.

अण्णांनी पेनड्राइव्हकडे बघितलं आणि तो दोन बोटांनी उचलून खिडकीत ठेवला. "एक यादी, एक जागा. दोघांनी तिथेच लिहायचं."

बोलणं पटण्यासारखं होतं. पिंग पंधरा मिनिटांत गेलं. मग सगळं अडलं.

आधी लॅपटॉप दिसेना. पोरानं वायफाय जोडताना कधीतरी 'पब्लिक' म्हणून सांगितलेलं होतं. म्हणजे विंडोजच्या समजुतीप्रमाणे लॅपटॉप वर्षभर बसस्टँडवर बसलेला होता आणि कुणालाही तोंड दाखवत नव्हता. ते 'प्रायव्हेट' केलं. मग दिसला, पण आत घेईना. पासवर्ड मागू लागला. पोरगा म्हणाला, पासवर्ड नाही, चार आकडी पिन आहे. अण्णा म्हणाले, पिन त्या लॅपटॉपसमोर बसणाऱ्यासाठी, नेटवर्कवरून येणाऱ्याला पिन चालत नाही, त्याला खात्याचा खरा पासवर्ड लागतो. तो पोराला आठवत नव्हता. कुणालाच आठवत नाही, पिन त्यासाठीच तर काढलेली असते. पासवर्ड बदलायचा तर इंटरनेट हवं. पोरगा लॅपटॉप पाठीला लावून मोटारसायकलवरून वरच्या वळणापर्यंत गेला, मोरीच्या कठड्यावर बसून फोनच्या रेंजवर त्यानं पासवर्ड बदलला आणि परत आला. घरातल्या घरात बोलण्यासाठी त्या लॅपटॉपला आधी गावाबाहेर जाऊन यावं लागलं. मीठमसाला न लावताच एवढं हसू येतं.

एवढं करून एक्सपी आणि लॅपटॉप एकमेकांशी बोलेनातच.

"हे भांडण जुनं आहे," अण्णा म्हणाले आणि खुर्ची उलटी करून तिच्यावर बसले. ते असे बसले की वहिनी कुकर लावतात.

दोन यंत्रांनी फोल्डर वाटून घ्यायचा तर दोघांना समजेल अशी एक बोली लागते. विंडोजच्या बोलीचं नाव एसएमबी. ती ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आयबीएममध्ये तयार झाली आणि पुढे मायक्रोसॉफ्टनं उचलून वाढवली. एक्सपीला तिची पहिली, जुनी तऱ्हाच तेवढी येते. त्या जुन्या तऱ्हेत एक भोक होतं. २०१७च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाचं व्हायरसचं लोण त्या भोकातून जगभर पसरलं. इंग्लंडातल्या सरकारी इस्पितळांत कॉम्प्युटर बंद पडले, पडद्यावर खंडणीची मागणी यायला लागली. मायक्रोसॉफ्टनं भोक बुजवणारा तुकडा मार्चमध्येच काढला होता, पण तो लावून घेतोय कोण? आणि एक्सपीला तर तो मे महिन्यातल्या बोंबाबोंबीनंतरच मिळाला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून नव्या विंडोजमध्ये ती पहिली तऱ्हा येईनाशीच झाली. म्हणजे एक्सपीला जे बोलता येतं ते नवा लॅपटॉप ऐकून घेत नाही, आणि लॅपटॉप जे बोलतो ते एक्सपीला कधी शिकवलंच नाही.

"मग लॅपटॉपला सांगा की जुनं ऐकायला," मालक म्हणाले.

"सांगता येतंय. सांगायचं नाही." अण्णांचा आवाज चढला. "हा लॅपटॉप फिरतो. आज हुबळी, उद्या बेळगाव. त्याचं दार उघडं ठेवायचं नाही."

"आणि एक्सपीचं?"

"एक्सपी कुठं जातोय! वॉनाक्रायला उळवीला यायचं तर आधी रेंज पायजे."

दुसऱ्या दिवशी ते एक तिसरं यंत्र घेऊन आले. कुणीतरी अडगळीत टाकलेला डबा, झाकण नसलेला, आत लिनक्स. तो त्यांनी टेबलाखाली ढकलला आणि त्याच्यावर सांबा चढवला. मालकांनी शोलेतला का म्हणून विचारलं. अण्णांनी ते ऐकलं नाही असं दाखवलं. हा प्रश्न त्यांना प्रत्येक घरी येतो.

लिनक्सवर बसून विंडोजची बोली बोलणारा कार्यक्रम म्हणजे सांबा. त्याला जुनी तऱ्हाही येते आणि नवीही. सांबावाल्यांनीही २०१९पासून जुनी तऱ्हा मुळात बंदच ठेवलीय, पण एका ओळीत ती पुन्हा सुरू करता येते. अण्णांनी ती ओळ घातली. यादी राहणार टेबलाखालच्या डब्यात. एक्सपीनं जुन्या बोलीत मागावी, लॅपटॉपनं नव्या बोलीत मागावी आणि डब्यानं दोघांनाही तीच द्यावी.

"म्हणजे दोघं बोलत नाहीत म्हणून तिसरा आणला," वहिनी म्हणाल्या.

"बरोबर, वैनी."

"आणि वीज आता तिघांना."

अण्णा या वाक्याला उत्तर देत नाहीत. पेनड्राइव्हनं हे काम दोन मिनिटांत होतं, या वाक्यालाही देत नाहीत.

त्यानंतरचे दिवस तपशिलात गेले आणि तपशील हाच या जातीच्या माणसांचा खरा मुलूख. लिनक्सचा पासवर्ड घालून पाहिला, चालेना. लिनक्समध्ये शिरण्याचा पासवर्ड निराळा आणि सांबाचा निराळा, तो वेगळा नोंदवावा लागतो. पोरगा म्हणाला, पासवर्डच नको, गेस्ट म्हणून कुणालाही येऊ द्या. तेही जमेना, कारण नव्या विंडोजच्या बऱ्याच आवृत्त्या बिनपासवर्डाचा गेस्ट चालवून घेत नाहीत. पाहुण्यांवर पोट असलेल्या घरात पडद्यावर ठळक अक्षरांत आलं की पाहुण्याला मज्जाव आहे. मालक बराच वेळ त्या पडद्याकडे बघत बसले.

मग नावांचा घोळ. पोरानं लॅपटॉपवर यादीचं नाव देवनागरीत ठेवलं आणि एक्सपीवर त्याचे चौकोन झाले. एक्सपीला आपल्या लिप्या आणायच्या तर त्याची मूळ सीडी घालून त्या बसवाव्या लागत. सीडी कुठे? नाव रोमनमध्ये केलं. तर मालकांचं 'बिल' लहान अक्षरात आणि पोराचं मोठ्या अक्षरात. विंडोजला दोन्ही सारखीच, लिनक्सच्या मते ती दोन वेगळी नावं. आपल्याकडे अक्षरांत लहानमोठी जातच नाही, त्यामुळे या तंट्यात नक्की अपमान कुणाचा झाला हे मराठी माणसाला शिकल्याशिवाय कळत नाही. अण्णांनी फर्मान काढलं, सगळं लहान अक्षरात. वीज गेली, आली. राउटरनं उठल्या उठल्या सगळ्यांना नवे पत्ते वाटले आणि डबा हरवला. अण्णांनी डब्याला कायमचा पत्ता दिला आणि तो भिंतीवर दुधाच्या हिशेबाच्या खाली पेन्सिलनं लिहून ठेवला. कालांतरानं वहिनींनी त्याची बेरीज दुधात धरली, पण ते पुढचं.

या सगळ्या काळात अण्णा कधी चिडले नाहीत. उलट ज्या दिवशी पहिल्या झटक्यात जमलं, त्या दिवशी थोडे हिरमुसले दिसले. एका पावसाच्या रात्री, डब्यात काहीतरी नवं चढत असताना, त्यांनी सांबाची कथा सांगितली. ही कथा ते पुराणासारखी सांगतात. श्रोता कुणीही असो.

ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या विद्यापीठात अँड्र्यू ट्रिजेल नावाचा एक पोरगा पीएच.डी. करत होता. १९९१ची अखेर. त्याला आपला पीसी आणि युनिक्सचं यंत्र यांना एकमेकांच्या फाइली दाखवायच्या होत्या. बोलीचं पुस्तक त्याच्याकडे नव्हतं. मग त्यानं वायरीतून काय जातंय आणि काय येतंय तेच बघायला सुरुवात केली. ही रीत त्यानं पुढे एका दाखल्यानं समजावली. भाषा येत नसेल तर फ्रान्समधल्या एखाद्या कॅफेत जाऊन बसावं. गिऱ्हाईक काय बोलतं आणि वेटर काय आणून ठेवतो, हे बघत राहावं. पुरेसा वेळ बसलं की कुठल्या शब्दाला कॉफी येते आणि कुठल्या शब्दाला पाव, हे कळतंच.

इथे अण्णा थांबतात आणि छातीवर हात ठेवतात. "मी कानडी कशी शिकलो? दांडेलीच्या स्टँडवर. शाळेत नाही. हॉटेलात बसायचं नि बघायचं."

ट्रिजेलनं अण्णांच्या आधी हे केलं की नंतर, यावर त्यांना फारसं बोलायचं नसतं. पण कथेतला त्यांचा लाडका भाग पुढे आहे, कोर्टाचा. मायक्रोसॉफ्ट आपल्या बोलीची कागदपत्रं दुसऱ्यांना देत नव्हती. २००४मध्ये युरोपियन कमिशननं तिला ४९ कोटी ७० लाख युरो दंड ठोठावला आणि दुसऱ्यांची यंत्रं जोडता येतील एवढी माहिती खुली करा म्हणून बजावलं. कंपनी कोर्टात गेली. २००७च्या सप्टेंबरात तिथेही हरली. त्याच डिसेंबरात सांबावाल्यांना ती कागदपत्रं मिळाली, १० हजार युरो एकरकमी भरून. पंधराएक वर्षं जे कान देऊन शिकले, ते आता छापील हातात आलं. अण्णा हे सांगताना असे हात उडवतात, की त्यांच्याच बागेच्या बांधाचा निकाल लागलाय असं वाटावं.

"तीन वर्षांत निकाल," ते म्हणतात आणि मालकांकडे बघतात.

मालकांना खूण पटते. त्याच २००४ साली महाराष्ट्रानं सीमाप्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. मागितलेल्या मुलखात हा तालुकाही आहे, त्याच्या जुन्या सुपा या नावानं. धरणाच्या पाण्याखाली सुपा गाव कधीच गेलं, तारखा अजून पडतायत. गावातली माणसं दोन्हीकडचं बोलतात, दोन्हीकडे सोयरिकी करतात आणि निकालाची वाट पाहत कुणी अडून बसलेलं नाही. अण्णा तर मुळीच नाहीत. त्यांचा पक्ष विचारला तर ते म्हणतात, "मला दोन्हीकडचं दिसल्याशी मतलब."

पुढच्या माघात धारवाडहून एक फोटोग्राफर उतरला, मॅकबुक घेऊन. जत्रेच्या बैलगाड्यांचे सुंदर फोटो त्यानं काढले होते आणि थोडे मालकांना देऊ म्हणाला. असा भला माणूस पेनड्राइव्हच काढणार होता. अण्णा पुढे झाले. मॅक! उळवीत मॅक रोज येत नाही. पूर्वी मॅकची बोली निराळी होती, २०१३पासून तोही मुख्यतः एसएमबीच बोलतो, त्यामुळे फार वेळ लागला नाही. अण्णा ओठ चावत होते, एवढं सोपं त्यांना रुचलं नव्हतं. पण लवकरच समाधान झालं. फोटोग्राफरच्या फोल्डरच्या नावात तारीख होती, दिवस आणि महिना यांच्या मध्ये तिरकी रेघ मारून. मॅकला ती चालते, विंडोजच्या नावात ती बसत नाही, सबब लॅपटॉपवर त्या जागी भलतंच एक चिन्ह उमटलं. अण्णा खुलले. तारखेची रेघ काढायला त्यांनी अर्धी दुपार घेतली, फोटोग्राफरला आग्रहानं जेवू घातलं, जेवण अर्थात वहिनींचं.

मॅकची एक खोड आहे. तो ज्या फोल्डरात जातो तिथे स्वतःची एक छोटी फाइल मागे ठेवतो. नाव टिंबानं सुरू होतं, म्हणून ती लपलेली राहते. विंडोजही आपली एक ठेवतो, चिमुकल्या चित्रांची. ज्यानं त्यानं देवळात नाव कोरून जावं तसा प्रकार. एरवी हे कुणाला दिसत नाही. पण 'लपलेल्या फाइली दाखवा' हा पर्याय अण्णांनी एक्सपीवर चालू ठेवला होता, कारण लपवाछपवी त्यांना आवडत नाही. जत्रा सरल्यावर मालक हिशेबाला बसले. फोल्डरात त्यांना टिंबांची, फिकट रंगाची, कधी न पाहिलेली नावं दिसली. त्यांना वाटलं व्हायरस. वॉनाक्रायची गोष्ट त्यांनी मन लावून ऐकलेली होती. त्यांनी धडाधड निवडून डिलीट दाबलं, खात्री करता का म्हणून विचारलं तिथे हो म्हटलं आणि त्या झपाट्यात पाहुण्यांची यादीही गेली.

"रिसायकल बिनमध्ये असेल की," पोरगा म्हणाला.

नव्हती. नेटवर्कवरच्या फोल्डरातलं पुसलेलं आपल्या यंत्राच्या रिसायकल बिनमध्ये येत नाही, सरळ जातं. सांबाला सांगितलं तर तो असं पुसलेलं बाजूला काढून ठेवतो, पण ती ओळ अण्णांनी घातली नव्हती. पोरानं मोटारसायकल काढली, अण्णा आले. डब्यापुढे मांडी घालून बसले. बराच वेळ बोलले नाहीत, पिंगसुद्धा नाही.

तेवढ्यात गाडी दारात थांबली. हुबळीचे पाहुणे, पाच माणसं आणि एक आजी. त्यांना कुठली खोली दिली होती ते यादीत.

वहिनी आत गेल्या आणि डब्यातल्या डब्यातून, म्हणजे डाळीच्या, पेनड्राइव्ह काढून आणला. खिडकीतला तोच. दर सोमवारी, अण्णांची मोटारसायकल वळणापलीकडे गेली की त्या पोराकडून यादीची एक प्रत त्यावर काढून घेत होत्या. त्यांनी तो लॅपटॉपला लावला. यादीवर बोट नेलं.

"उघडू नका!" अण्णा एकदम उठले. "तिथं उघडलं की पुन्हा दोन याद्या. आधी फोल्डरात जाऊ दे. मग फोल्डरातनं उघडा."

आजी पायरीवर बसल्या. फाइल लॅपटॉपवरून डब्यात चालली. डबा एक्सपीच्या कुठल्याशा जुन्या मागणीत अडकलेला होता, ती हिरवी पट्टी मध्येच उभी राहिली. वहिनींनी पट्टीकडे बघितलं, पाहुण्यांकडे बघितलं, भिंतीवरच्या कॅलेंडरापाशी जाऊन तारखेवर बोट टेकवलं, तीन नंबरची किल्ली काढली आणि आजींच्या हाताला धरून त्यांना वर नेलं. पाहुण्यांनी हातपाय धुतले. चहा झाला. फाइल पोचली.

अण्णांनी सगळ्यांना बोलावलं. यादी उघडली. तीन नंबरच्या खोलीसमोर काहीच नव्हतं.

"गेल्या सोमवारची आहे," पोरगा म्हणाला. "हुबळीवाल्यांचा फोन मंगळवारी आला होता."

मंगळवारपासूनचं सगळं फक्त भिंतीवर होतं. वहिनी काही बोलल्या नाहीत. हे त्यांचं मला फार आवडतं.

अण्णा चष्मा पुसत कॅलेंडरापुढे जाऊन उभे राहिले आणि एकेक तारीख, खोली, नाव मोठ्यानं वाचायला लागले. मालक एक्सपीवर दोन बोटांनी टाइप करत होते. पोरगा लॅपटॉपसमोर बसून ते इकडे उमटतंय का बघत होता.

"नाही उमटलं," तो म्हणाला.

"कसं उमटेल?" अण्णा भिंतीकडे तोंड करूनच म्हणाले. "मालक, आधी सेव्ह करा की."